घासलेला कोपरा

सुनेला यातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी तिला लोभी म्हणायला नको. स्टुडिओच्या पाटीवर एक ओळ. मास्तरांच्या नावाखाली, मास्तरांच्या नावापेक्षा बारीक अक्षरात, रंग फिका असता तरी चाललं असतं. लोक किराणावाल्याकडे पिशवीसुद्धा याहून मोठ्या आवाजात मागतात.

मास्तर एके काळी शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा सुटली, नाव चिकटून राहिलं. घराच्या तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. उत्तरेकडची एक खिडकी, एक उतरतं टेबल आणि भिंतीवर परक्या माणसांचे चेहरे. फोटोवरून पेन्सिलीनं माणूस काढून द्यायचा, हा धंदा. गिऱ्हाइकं दोनच प्रकारची, असं मास्तर म्हणायचे: नोकरीतून गेलेली आणि जगातून गेलेली. पहिल्या प्रकारची स्वतः येऊन "नाक जरा जास्तच झालंय" म्हणतात. दुसऱ्या प्रकारची काही म्हणत नाहीत, त्यांच्या मुली म्हणतात.

मास्तरांचं नाव होतं ते कातडीसाठी. रेष काय, कुणीही मारील. पण मास्तरांनी काढलेल्या गालावर उजेड कुठे संपला आणि सावली कुठे सुरू झाली, ते शोधून सापडायचं नाही. हात लावला तर कोमट लागेल असा गाल. आणि हा गाल सून करायची.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला स्टुडिओत फक्त बत्त्या वळायचं काम होतं. बत्ती म्हणजे कागदाची गच्च गुंडाळलेली कांडी, दोन्ही टोकांना निमुळती. पेन्सिलीनं केलेली छटा कागदावर पसरवायची, दाबायची, शेजारच्या छटेत मिसळून टाकायची, ते काम तिचं. सासूबाईंनीच शिफारस केली होती. "हिचा हात घट्ट आहे. हिनं डब्याचं झाकण लावलं की मला उघडत नाही." वळता वळता सून घासायला लागली. गडद छटांच्या बत्त्या एका डब्यात, फिक्या दुसऱ्यात. मळलेली बत्ती ती कधी टाकायची नाही, कारण पेन्सिल न लावता नुसत्या मळक्या बत्तीनं कपाळावर जी सावली पडते ती कोऱ्या बत्तीनं जन्मात पडत नाही. मागच्या मोकळ्या जागेला मऊ कातड्याचा तुकडा, केसांच्या कडेला ब्रश, नाकाच्या शेंड्यावरच्या उजेडाला मळायचं रबर. ते कणकेसारखं मळायचं, टोक काढायचं आणि नुसतं टेकवून उचलायचं. बोट मात्र कधीच लावायचं नाही.

"बोटाला तेल असतं," मास्तर सांगायचे. "एकदा डाग पडला की पुसायला जावं तसा काळा होतो. नातेवाइकांसारखा."

घराचा नियम असा, की पेन्सिल मास्तरांची आणि बत्ती सुनेची. पेन्सिल धरणारा चित्र काढतो. बत्ती धरणारी घासते. कुणी खोदून विचारलंच तर सासूबाई सांगायच्या, "मदत करते हो. घरात बसून तरी काय करणार?"

दोन छटांमधली जोड दिसली तर तिला त्या घरात शिवण म्हणत. चित्र झालं की मास्तर ते टेबलावर उलटं, डोकं खाली करून ठेवायचे, डोळे बारीक करायचे आणि शिवण शोधायचे. सापडली तर बोलायचे, "हे काय, गालाला ठिगळ?" नाही सापडली तर गप्प बसायचे. सुनेचा हात बसत गेला तसे मास्तर गप्प होत गेले. वर्षामागून वर्षं तिनं हीच कमाई केली, सासऱ्याची चुप्पी. या कामाची गोमच अशी आहे, की ते जितकं चांगलं व्हावं तितकं कुणी केलंच नाही असं वाटतं. वाईट घासलं तर विचारतात, कुणी घासलं? चांगलं घासलं तर म्हणतात, काय काढलंय!

मग मास्तरांचा हात थरथरायला लागला. आधी चहाची कपबशी वाजायला लागली. मग रेष वाजायला लागली, म्हणजे जबड्याच्या कडेला बारीक बारीक दाते दिसू लागले, करवतीसारखे. सुनेनं पाहिलं. मास्तरांनी ती पाहतेय हे पाहिलं.

"मी हल्ली रेष मुद्दाम मोकळी सोडतो," ते म्हणाले. "तुला घासायला वाव राहतो."

"हो, बाबा," सून म्हणाली आणि वाव घेतला. काळ्या बत्तीच्या टोकानं ती रेष आत ओढायची, सावलीत बुडवायची आणि बाहेरची कड रबरानं साफ करायची. चित्र बाहेर जायचं आणि लोक म्हणायचे, मास्तरांचा हात वयाबरोबर अधिकच मऊ झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि झाकण लावण्यात सून पहिल्यापासून पटाईत.

अशात रुग्णालयाचे सेक्रेटरी आले. गोल चेहऱ्याचे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. रुग्णालय काढणाऱ्या डॉक्टरीणबाई वारल्या होत्या. त्यांचं मोठं चित्र दारातल्या हॉलमध्ये लावायचं होतं. बाईंना आयुष्यभर फोटोचा कंटाळा. होता तो एकच, तीस-चाळीस माणसांच्या घोळक्यातला, त्यात चेहरा नखाएवढा आणि तोही धूसर.

"मास्तर, तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं?" सेक्रेटरी म्हणाले.

मास्तर "बघू" म्हणाले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. नखाएवढ्या धुरकट चेहऱ्यात रेष नव्हतीच. होत्या त्या फक्त छटा. जमणार होतं कुणाला, हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं आणि त्या दोघांत सेक्रेटरी नव्हते.

त्याच रात्री जेवताना मास्तर म्हणाले, "सूनबाई, हे चित्र निघालं की पाटी नवी करायची."

"कशाला? आहे ती काय वाईट आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"एक ओळ वाढवायची. हिचं नाव."

सून वाढता वाढता थांबली. तिचा नवरा फ्रेमांचं दुकान चालवायचा, बापाचं चित्र आणि मुलाची चौकट असा एकाच छपराखालचा संसार. तो म्हणाला, "पाटीला फ्रेम आपली. सागवानी पट्टी लावू, उठून दिसेल." बायकोचं नाव उठून दिसेल की पट्टी, हे त्यानं सांगितलं नाही.

त्या चित्रावर सुनेनं जीव टाकला. मास्तरांनी आखणी केली, डोळे, नाक, जबडा. रेषा इतक्या हलल्या होत्या की बाई थंडीनं कुडकुडताहेत असं वाटावं. सुनेनं एकेक रेष विरघळवली. फोटोत नव्हती ती हनुवटीखालची सावली तिनं मळक्या बत्तीतून काढली. त्या बत्तीत किती परक्या गालांची पूड होती, देव जाणे. फोटोत नव्हता तो खालच्या ओठावरचा उजेड रबरानं उचलला. बाई हळूहळू वर आल्या, पाण्याच्या तळातून यावं तशा. थकलेल्या, हुशार, जरा वैतागलेल्या. रुग्णालयातली जुनी नर्स मुद्दाम बघायला आली आणि दारातच म्हणाली, "अगंबाई, आता रागावतील."

मास्तरांनी चित्र उलटं ठेवलं. डोळे बारीक केले. शिवण नव्हती. मग त्यांनी चित्र सरळ केलं आणि दुसरंच काही शोधायला लागले. गालावर, कानाच्या पाळीवर, केसांत. बराच वेळ शोधलं. स्वतःची एकही रेष त्यांना सापडली नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. आणि मग, बत्त्यांचा डबा उगाच सरळ करत, "पाटीचं मात्र पुढं बघू. जागा कमी पडते."

"नवी करणार होतात ना, बाबा?"

"नवी केली तरी पाटी ती पाटीच. दोन नावं लावली की लोक म्हणतील, म्हाताऱ्याला आता एकट्याला होत नाही. मग चित्रंच आली नाहीत तर तू घासशील काय? माझं नाव चाललं तर तुझी बत्ती चालेल. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"आणि माझं नाव?"

"तुझं नाव घरात आहेच की. दिवसभर सगळे हाका मारतात."

त्या घरात तिला सगळे सूनबाई म्हणत.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो काच पुसत होता. "अगं, बाबांचं वय बघ," तो म्हणाला. "आणि पाटी वाचतं कोण हल्ली?"

"मग लावायला काय हरकत आहे?"

"वाचत नाहीत तर लावायची कशाला?"

असा दोन्हीकडून बंद होणारा दरवाजा सुतारालासुद्धा जमत नाही.

सेक्रेटरींचा निरोप आला, की मास्तरांनी चित्रावर सही आधी करू नये. समारंभात सगळ्यांसमोर करावी, लोकांना तसलं आवडतं. मास्तर लगेच तयार झाले. त्यांची सही म्हणजे एक फटकारा होता, सुरुवातीचं अक्षर आणि पुढे लांब शेपूट. इतक्या झटक्यात व्हायची की थरथरीला मध्ये शिरायला वेळच मिळायचा नाही.

आता कागदाची एक गोष्ट. चांगल्या कागदाला दाणा असतो, हात फिरवला तर कळतो. पेन्सिल त्या दाण्यावर अडकते, म्हणून उमटते. कागद फार घासला की दाणा बसतो, कागद काचेसारखा होतो, आणि मग त्यावर पेन्सिल नुसती घसरते. तिथे लिहायचा मार्ग उरतो तो एकच: रबराला टोक काढायचं आणि छटा उचलत उचलत पांढरं लिहायचं. त्याला फटकारा चालत नाही. सावकाश आणि स्थिर हात लागतो.

सुनेनं चित्राचा उजवा खालचा कोपरा घासला. मागच्या छटेत मिळवून, टणक बत्तीनं, दाबून दाबून, चमक येईपर्यंत. रागाच्या भरात नव्हे. रागाच्या भरात शिवण राहते. तिचा बेत साधा होता: मास्तर सही करायला जातील, पेन्सिल घसरेल, ते मागे वळून तिच्याकडे बघतील. ती रबर घेऊन वर जाईल. कुणीतरी विचारील, ही कोण? आणि त्या भरल्या हॉलमध्ये मास्तरांना सांगावं लागेल, की हे चित्र हिनं घासलंय, हिलाच माहीत याचं काय करायचं. पाटी नाही तर नाही. एकदा तोंडानं. तिनं मळायचं रबर रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

हॉल भरला होता. पडदा सरला आणि डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांकडे जरा वैतागून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या नर्सा रडायला लागल्या. सेक्रेटरींनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना चित्रापाशी नेलं. मास्तरांनी पेन्सिल काढली आणि फटकारा मारला.

काही उमटलं नाही.

त्यांनी पुन्हा मारला. एक चकचकीत ओरखडा, जो उजेडात दिसतो आणि सावलीत नाही. मग ते पेन्सिल टेकवून हळू, दाबून लिहायला गेले. आणि हळू म्हटल्यावर थरथर आलीच. पेन्सिल कागदावर टक टक वाजायला लागली. जवळच माइक होता. त्यानं ती टकटक शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली.

"अहो, हात बघा त्यांचा," कुणीतरी बाई म्हणाली.

मास्तर वळले. सुनेकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, मग पुन्हा सुनेकडे. त्यांना कळलं होतं. सून उठली, पर्स उघडली आणि पायऱ्या चढून वर गेली. सगळं बेताप्रमाणे चाललं होतं.

"आणि ह्या कोण?" सेक्रेटरींनी माइकमध्ये विचारलं. मिठाईवर वर्ख लावावा तसा नेमका हाच प्रश्न.

सुनेनं तोंड उघडलं होतं. पण माइक मास्तरांच्या बाजूला होता.

"माझी सून," ते म्हणाले. आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. "हात असा झाल्यापासून हीच माझा आधार."

टाळ्या पडल्या. असा हात, आणि अशा हातानं हे चित्र! लोक उभे राहिले. जी थरथर इतकी वर्षं बत्तीखाली दाबून ठेवली होती ती आता चमत्कार झाली होती. मास्तरांनी तिच्या हातातलं रबर घेतलं आणि आपली मूठ तिच्यापुढे धरली. सुनेला ती मूठ सोडून देता आली असती. रबर त्या छटेवरून भरकटलं असतं, कोपरा बिघडला असता, आणि कोपरा तिचा होता. तिनं त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि लिहायला लागली. थरथर तिच्या तळव्यात शिरत होती, ती दाबत होती. काळ्या छटेतून एकेक पांढरं अक्षर वर आलं. मास्तरांचं नाव, पूर्ण, शेपटासकट. मास्तरांनी स्वतः इतकं सुबक नाव कधी लिहिलं नव्हतं. फोटो निघाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे हात एकाचा दिसला आणि अवलक्षण दुसरीच्या वाट्याला आलं.

घरी आल्यावर मास्तर तिला म्हणाले, "कोपरा तू घासलास."

"हो."

"छान घासलास. मला कळलासुद्धा नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाला चांगलं म्हटलं ते हे एकदाच.

फोटो वर्तमानपत्रात आला. गिऱ्हाइकांची रीघ लागली. पण आता येणारा माणूस टेबलावर वाकून म्हणायचा, "मास्तर, एक विनंती. घासू नका. ती थरथर तशीच राहू द्या. त्यातच तर जीव आहे." पूर्वी जो गाल कोमट लागला पाहिजे असायचा तो आता कुडकुडला पाहिजे होता. मास्तर रेषा मारायचे आणि चित्र तसंच फ्रेमेत जायचं. बत्त्यांचे दोन्ही डबे बंद झाले. सासूबाई त्यातल्या टोकदार बत्त्या शिवणयंत्रातला कचरा काढायला वापरू लागल्या. "बऱ्या आहेत गं," त्या म्हणाल्या. "खाचेत बरोब्बर जातात."

"काहीतरी बोला ना बाबांना," सून नवऱ्याला म्हणाली.

"काय बोलू? स्टेजवर होतीस तेव्हा तू बोललीस का?"

समारंभाला रुग्णालयातला एक तरुण डॉक्टर हजर होता. त्याला मास्तरांच्या हातानं गहिवरून आलं होतं. तो एक दिवस घरी आला, मास्तरांना तपासलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांचा गुण आला. कपबशी वाजायची थांबली. मास्तर सकाळी चहा पिताना बशीकडे कान देऊन बसायचे आणि हसायचे. रेषही पूर्वीसारखी सरळ यायला लागली.

त्या सरळ रेषेचं पहिलं चित्र एका निवृत्त साहेबांनी परत आणलं. "हे तुम्ही नाही काढलेलं," ते म्हणाले. "कुणा पोऱ्याकडून काढून घेतलंत का? आम्हाला तुमच्या हातचं हवंय."

"माझ्याच हातचं आहे हो."

"मास्तर, तुमचा हात आम्ही पेपरात बघितलाय."

मास्तरांनी गोळ्या बंद करून पाहिल्या. दुसऱ्याच दिवशी चहा सदऱ्यावर सांडला, आणि सरळ हाताची चव एकदा लागल्यावर ती सुटत नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मग त्यांनी मुद्दाम थरथरून पाहिलं. ती थरथर कुणालाही खोटी वाटली असती. दारू प्यायलेल्या शिंप्याची शिलाई. चार कागद फाडल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली.

ती आली तेव्हा टेबलावर कोरा कागद लावलेला होता. मास्तर खुर्चीवरून उठले आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"बस," ते म्हणाले.

सुनेनं पेन्सिलीकडे पाहिलं. त्या घरात ती तिच्या हातात यायला किती वर्षं लागली होती!

"काय काढू?"

"चित्र तुला येतंच. थरथर घाल."

"मी?"

"मग कोण? इतकी वर्षं ती पुसलीस ना? तिचं वळण न् वळण तुला पाठ आहे. माझी होती, पण मी कधी एवढ्या जवळून बघितली नाही."

हे खरं होतं. जबड्यापाशी ती बारीक व्हायची, लांब रेषेत मध्येच दमायची, उजवीकडे वळताना एकदा उसळायची. सुनेनं पेन्सिल टेकवली आणि पहिली रेष मारली. मास्तरांनी डोळे बारीक केले, कागद फिरवून उलटा पाहिला, आणि गप्प बसले.

आता कुणाला काय मिळालं ते मांडायचं, तर रुग्णालयाला डॉक्टरीणबाई मिळाल्या, आणि त्या खरंच बघण्यासारख्या आहेत. नवऱ्याच्या फ्रेमा दुप्पट खपतात. सासूबाईंचं शिवणयंत्र स्वच्छ झालं. मास्तरांना नाव मिळालं, त्यावर हातही परत मिळाला. पाटी नवी झाली, सागवानी पट्टीची, तिच्यावर एकच नाव आहे आणि रंगाऱ्यानं ते कौतुकानं थरथरत्या अक्षरात काढलंय. सुनेला पेन्सिल मिळाली. दिवसभर ती उत्तरेच्या खिडकीशी बसून आपल्या स्थिर हातानं दुसऱ्याची थरथर काढते. काम संपवून वर घरात आल्यावर हात जागेवर यायला वेळ लागतो.

संध्याकाळी सगळे चहाला बसतात.

"कुणाची गं बशी वाजतेय?" सासूबाई विचारतात, कारण मास्तरांची आता वाजत नाही.